बावीस वासरांचा लॉट

अहो, तुमच्याबद्दल चांगलं बोलायला मिरकाबच्या आपल्या या दोन खोल्यांत गेल्या अडीच महिन्यांत कितीतरी माणसं येऊन गेली. कुणी म्हणालं, दत्ताजीराव म्हणजे देवमाणूस. कुणी म्हणालं, इतका शांत माणूस अख्ख्या कुवेतमध्ये बघितला नाही. मी चहा करत राहिले आणि मान हलवत राहिले. मला तुमचा राग आलाय, हे त्यांच्यासमोर बोलता येईना. नवरा गेलेल्या बाईनं रडायचं असतं, चिडायचं नसतं, असा काहीतरी नियम दिसतो. म्हणून जे काय आहे ते तुम्हालाच सांगते. निदान आता तरी मधेच उठून गोठ्याकडे जाऊ नका.

बारा वर्षं नर्स आहे मी. मिरजेला शिकले तेव्हापासून माणसांचा ताप बघते आहे. वॉर्डात एखादीचा चेहरा जरा उतरलेला दिसला तरी माझा हात तिच्या कपाळावर जातो. आणि माझ्या घरात, माझ्या शेजारी झोपणारा माणूस तीन महिने ताप अंगावर काढतो आणि मला सांगत नाही. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला विचारलं, सिस्टर, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? सकाळी तुमचा बनियन घामानं चिंब असायचा, तर तुम्ही म्हणायचात कूलर नीट चालत नाही. पाठ दुखते म्हणालात, तर मी बाम चोळून दिला. पोती उचलून पाठ भरली असेल असं वाटलं मला. नर्सच्या हातानं बाम चोळून घेतलात आणि तिलाच फसवलंत.

आणि सगळं कशानं, तर दुधानं. आपल्या कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि लोक पेला पुढे धरून धारेचं गरम दूध तिथंच पितात, त्या दुधावर वाढलेले तुम्ही. इथं जहऱ्याच्या शेतावर गाई सांभाळायला लागलात, तर पहिल्याच दिवशी तुम्ही गाईच्या कासेखाली पेला धरलात. मी घरी ओरडायची, इथल्या गाई आहेत, उकळून प्या. तुम्ही हसून म्हणायचात, "दूध तापवून पित्यात ती आजारी माणसं. धारोष्ण पिऊन कुणी मेलंय का आमच्यात?" आता मेलंय. आता सांगा जाऊन वर जे कोण भेटतील त्यांना.

रागाच्या भरात मी आधीचं विसरते, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. नाही विसरत. माझी नोकरी इथं, म्हणून तुम्ही आलात. वडिलांचा चालता गोठा भावाच्या हवाली केलात आणि नर्सचा नवरा म्हणून विमानातून उतरलात. पहिले आठ महिने घरात बसून होतात. माझे पांढरे गणवेश तुम्ही असे इस्त्री करायचात की वॉर्डातल्या मल्याळी मुली विचारायच्या, कुठल्या लाँड्रीत देतेस. आपल्या लेकीची, मनीषाची, वेणी घालायला शिकलात. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी जिन्यात भेटले की विचारायचे, "मग, काय करता सध्या?" आणि तुम्ही वर येऊन इस्त्री झालेला गणवेश पुन्हा इस्त्रीला घ्यायचात. मला ते दिसत होतं. त्यावर बोलायला मात्र मला वेळ नव्हता, पाळ्या होत्या.

मग गफूरभाई भेटला. दापोलीकडचा, जहऱ्याच्या शेतावरची पिकअप चालवणारा, शुक्रवारी मिरकाबला भाजी घेऊन यायचा. तुम्ही त्याच्याकडे दोडकी घेता घेता गाईंची चौकशी सुरू केलीत आणि दोन आठवड्यांत त्यानं तुम्हाला मालकासमोर, अबू नासिरसमोर, उभं केलं. म्हाताऱ्यानं गाईच्या पाठीवर हात ठेवून तुम्हाला विचारलं, ही किती महिन्यांची गाभण? तुम्ही पोटाला हात लावून बोटांनी पाच दाखवले. बरोबर निघालं. तो दिवस तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलात की मला पाठ झाला. पण तेव्हा तुमचा चेहरा काय झाला होता, ते मी अजून विसरले नाही. घरात पुन्हा माणूस आल्यासारखं वाटलं मला. त्याबद्दल त्या शेताचे उपकार मी अजून मानते, रागावूनसुद्धा.

वीस गाई. त्यांच्या कालवडी मालक ठेवायचा आणि खोंडं आठवड्याभरात विकून टाकायचा. बाजारातला दलाल गाडी घेऊन यायचा, नाळ वाळलेली नाही अशी खोंडं पाय बांधून मागे टाकायचा आणि जायचा. अर्धी वाटेतच मरायची, असं तुम्ही सांगायचात. ते तुमच्यानं बघवायचं नाही. जेवताना सुद्धा तेच. सुलैबियाला जनावरं पोसून मोठी करणारा एक मोठा गोठा आहे, त्यांना खोंडं हवी असतात, पण अशी नकोत. दूध तुटलेली, दावणीत तोंड घालून भुसा आणि लसूणघास खाणारी, शिंगांचे कोंब डागलेली, लसी टोचलेली हवीत. आणि सगळी एका मापाची. मोठं आणि लहान एका दावणीला बांधलं तर मोठं खातं आणि लहान ढकलून दिलं जातं, म्हणून. आता वीस गाईंच्या शेतावर एका मापाची खोंडं निघून निघून निघणार किती? चार, पाच. पाच खोंडांसाठी कोण गाडी पाठवतो?

म्हणून तुम्ही शेजारच्या तीन शेतांवर गेलात. मोडक्या अरबीत, हातवारे करून, मालकांना आणि गड्यांना पटवलंत की आपण आपापली खोंडं एकत्र करू, दोन महिने एका शेडमध्ये एकाच चाऱ्यावर ठेवू आणि सगळ्यांचा एक लॉट विकू. कुणाला खरं वाटेना. तुम्ही शब्द दिलात. मला तर हसूच आलं होतं. ज्या माणसाला टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून बोलता येत नव्हतं, तो चार अरबांना एकत्र बसवून आला होता. मी हसले ते तुम्हाला आवडलं नाही.

आता ते सांगते, जे आपण कधीच बोललो नाही. गणपतीला हॉलमध्ये सगळी मराठी मंडळी जमली होती. डॉक्टर देशपांड्यांच्या बायकोनं मला विचारलं, मिस्टर काय करतात? मी म्हटलं, शेतीखात्यात आहेत. तुम्ही माझ्या मागेच होतात, हातात प्रसादाची वाटी घेऊन. तुम्ही ऐकलंत. घरी येताना गाडीत मनीषानं विचारलं, "बाबा, व्हाय आर यू सो क्वाएट?" तर तुम्ही तिला म्हणालात, झोप आलीया. मी माफी मागायला हवी होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतर लाज वाटायला लागली आणि राहूनच गेलं. गुरं राखणारा नवरा सांगायची मला लाज वाटली, हे खरं आहे. लॉटचं वेड तुम्हाला त्याच्यानंतर लागलं, हेही खरं आहे. त्याआधी तो नुसता विचार होता. तुम्हाला मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मग तोंडानं सांगायचं होतं ना, भांडायचं होतं. मी तुमच्याशी भांडले नाही असा एक आठवडा तरी गेला होता का?

उन्हाळा उतरताना दोन गाई गाभडल्या, दिवस भरायच्या आधीच मेलेली वासरं पडली. तुम्ही जेवताना सहज सांगितलंत. दुसरीची वार अडकली होती ती हातानं काढली, असंही सांगितलंत. हातानं, उघड्या हातानं. मी बाळंतिणींच्या वॉर्डात दिवसाला दोन डझन हातमोजे वापरते आणि मी तुम्हाला विचारलं नाही की हातात काय घातलं होतं. मी म्हटलं, जेवताना हे विषय नकोत. हा माझा भाग. तो मी तुमच्यावर ढकलत नाही.

लॉटच्या दिवशी मात्र मला तुम्ही हट्टानं नेलंत. मनीषाला शाळा बुडवायला लावलीत. नोव्हेंबरची सकाळ, ऊन चांगलं होतं, आणि तुम्ही स्वेटर घालून शेडच्या फाटकात उभे. मला वाटलं, सुलैबियाच्या मॅनेजरसमोर ऐट करायला नवा स्वेटर घातलाय. हातात बारीक काठी. खोंडं एकेक पुढे येत होती आणि तुम्ही काठीच्या टोकानं इकडे, तिकडे करत होतात. एकालाही मारलं नाहीत. आपल्याच शेतावरची तीन खोंडं तुम्ही बाजूला काढलीत, मापात बसत नाहीत म्हणून. अबू नासिर भडकला. तुम्ही म्हणालात, लॉटमध्ये लहान घातलं तर सगळ्यांचं नाव जाईल. मग काट्यावर चढवायच्या आधी शेजारच्या शेतावरचा गडी पाण्याच्या टाकीकडे वळला. बाजारातली रीत होती ती, आदल्या दिवशी मीठ चारायचं आणि वजनाच्या आधी पोटभर पाणी पाजायचं. तुम्ही त्याला हात करून थांबवलंत. पाणी वजनानंतर. मॅनेजर पॅलेस्टिनी होता, गंभीर माणूस. त्यानं ते बघितलं आणि पहिल्यांदा हसला. बावीस खोंडं गाडीत चढली, एकाच उंचीच्या बावीस पाठी. मॅनेजरनं तुमच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, पुढचा लॉट कधी?

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तेव्हा काय म्हटलं असेल? म्हटलं, "स्वेटर काढा आता, लोक हसतील." तुम्ही काढला नाहीत. फाटकाला टेकून उभे राहिलात. तुम्हाला थंडी वाजत होती, हो ना? अंगात ताप होता. आणि मी तिथं चार हातांवर उभी होते.

पुढचं सगळं दवाखान्याचं. डिसेंबरात तुम्हाला आपला जिना चढवेना. दुसऱ्या मजल्यावर बसून राहिलात आणि कुलकर्णींनी मला फोन केला. हृदयाची झडप खराब झाली होती. रक्तातले जंतू वाढवून बघायला दिवस गेले आणि नाव कळलं तेव्हा शस्त्रक्रिया करण्याइतकं काही उरलं नव्हतं. माल्टा फिव्हर. गुरांचा ताप. त्यानं फारसं कुणी मरत नाही, डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू मी दिलासा मागितला होता. वेळेवर कळलं तर सहा आठवड्यांच्या गोळ्या आणि सुरुवातीला थोडी इंजेक्शनं. आमच्या फार्मसीत ती औषधं खिडकीशेजारच्या फळीवर असतात. रोज समोरून जाते मी.

तुम्हाला कोल्हापूरला पोचवून, सगळं उरकून मी परत आले, नोकरी होती म्हणून. आल्यावर पहिल्या शुक्रवारी गफूरभाई आला. खुर्चीच्या काठावर बसला. मी विचारलं, काय झालं? तेव्हा त्यानं सांगितलं की तुम्हाला ठाऊक होतं. गाई गाभडल्या तेव्हाच अबू नासिरनं तुम्हाला बजावलं होतं की आता दूध उकळून प्या, हातांना पिशव्या बांधा, अशा गाईंपासून माणसाला हुम्मा होतो, फार वाईट ताप. म्हाताऱ्यानं गुरांच्या सरकारी डॉक्टरला मात्र बोलावलं नाही, गाई मारून टाकतील म्हणून. आणि मग तुम्हाला ताप आला.

गफूरभाई म्हणाला, "वयनी, मी त्यांला बोललो, घरात नर्स हाय, तिला सांगा. त्यानी मला शपथ घातलान. बोलला, लॉट जाऊ दे, मग सांगतो."

लॉट जाऊ दे, मग सांगतो. तुमचं शेवटचं वाक्य हेच धरते मी. दवाखान्यात जे काही बोललात ते तापातलं होतं. मला सांगितलं असतंत तर मी रक्त तपासायला लावलं असतं, रिपोर्टवरून शेतावर सरकारी डॉक्टर आले असते, शेड बंद झाली असती, बावीस वासरं जागेवर राहिली असती आणि चार शेतांना दिलेला शब्द मोडला असता. हे सगळं तुम्ही डोक्यात जुळवलंत आणि माझ्यापेक्षा लॉट निवडलात. मनीषापेक्षा लॉट निवडलात. आणि वर हे ऐका. वजनाआधी घोटभर पाणी पाजू न देणारा माणूस तुम्ही, आणि आजारी गोठ्यातली खोंडं तुम्ही दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधलीत. हा कुठला प्रामाणिकपणा? त्या मॅनेजरच्या गड्यांना हात नाहीत का? तुमचं उत्तर मला माहीत आहे. "आगं, खोंडं ती, कापायलाच जाणार हुती." नाही पटत मला. तुमच्यासमोर बसून नाही पटत म्हणायचं होतं. दोन दिवस अबोला धरायचा होता. तेवढंही ठेवलं नाहीत.

मग अबू नासिरनं निरोप पाठवला, भेटायला येतो म्हणून. दुसऱ्या लॉटची खोंडं जमा व्हायला लागली होती. तुमची घडी बसलेली होती, गफूरभाईनं बघावं असं ठरत होतं. म्हातारा स्वतः मिरकाबला आला, आपल्या जिन्यात धापा टाकत. रडला, खरंच रडला. म्हणाला, दत्ता मला मुलासारखा होता, तो गेला, आता सरकारी कागदावर रोगाचं नाव कशाला, त्यानं उभं केलेलं काम मोडेल. मी त्याला पाणी दिलं. तुमचं काम मोडेल, हे त्यानं अगदी बरोबर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि हॉस्पिटलचा रिपोर्ट घेऊन मी सरकारी पशुवैद्यांच्या ऑफिसात गेले. सगळं सांगितलं. शेत, गाभडलेल्या गाई, चारही शेतांची खोंडं, शेड, लॉट कुणाकडे गेला ते. कारकुनानं विचारलं, तिथं काम करणारा तुमचा कोण? मी म्हटलं, माझा नवरा, तो त्या शेतावर गुरं सांभाळायचा. स्पष्ट सांगितलं, दोनदा. तिथून टॅक्सीनं सुलैबियाला गेले आणि त्या मॅनेजरलाही सांगितलं. तो उभाच राहिला. म्हणाला, त्या माणसावर मी विश्वास ठेवला होता. मी म्हटलं, मीही.

गाईंचं रक्त काढलं. नऊ गाईंत रोग निघाला, त्या मारून टाकल्या. सुलैबियाला तुमची बावीस वेगळी काढून कापायला पाठवली. शेजारची शेतं तुमचं नाव काढेनाशी झाली आहेत. तुम्ही दोन वर्षांत जे उभं केलंत ते मी चार दिवसांत मोडलं, आणि ते मलाच मोडावं लागलं याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तुम्ही सांगून गेला असतात तर आपण दोघांनी मिळून मोडलं असतं. कदाचित वर्षभरानं दुसरा गोठा बघून पुन्हा उभंही केलं असतं. मी पुढच्या गणपतीत देशपांडेबाईंना गाठून सांगितलं असतं, आमचे हे वासरांचे लॉट करतात, चार शेतांचे.

गफूरभाईची नोकरी गेली. तो दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही. "वयनी, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात," म्हणाला. मी त्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही दूध कुठलं प्यायचात? तोही धारोष्णच. रोज सकाळी तुमच्या शेजारी उभा राहून, तुम्हीच भरून दिलेला पेला. मी त्याला तसंच पायातल्या चपलेनिशी हॉस्पिटलला नेलं. लॅबमध्ये माझ्या ओळखीची मुलगी होती. रक्तात तेच निघालं. त्याला महिनाभर अंगात कसकस होती, आणि ती त्यानंही कुणाला सांगितली नव्हती. तुम्ही पुरुष लोक हे कुठं शिकता?

पहिल्या आठवड्यातली इंजेक्शनं मी दिली, तेवढे दिवस तो रोज आला. पुढे जहऱ्याहून रोज येणं जमेना, म्हणून तो शुक्रवारी यायचा, आठवड्याच्या गोळ्या न्यायचा आणि मागच्या आठवड्याची रिकामी पाकिटं मला दाखवायचा. मी एकेक पाकीट उलटं करून बघायची. माझा आता कुणावर भरवसा नाही. दुसऱ्या आठवड्यात ताप गेला. तिसऱ्यात त्याला भूक लागायला लागली. चौथ्यात तो माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागला. इथंच राई भागातल्या एका गोदामात त्याला गाडीवर काम मिळालं आहे. मनीषासाठी येताना संत्री आणतो. ती त्याला थँक यू अंकल म्हणते आणि आपल्या खोलीत जाते. तो तिच्या बंद दाराकडे बघतो.

काल सहावा शुक्रवार. त्यानं शेवटची गोळी माझ्यासमोर घेतली, पाणी प्यायला, पेला खाली ठेवला. रिकामं पाकीट हातात घेऊन बसला. वजन वाढलंय त्याचं, गालांवर रंग आलाय. पाकिटाकडे बघत बघत त्यानं विचारलं, "येवढाच व्हता काय, वयनी?"

मी हो म्हटलं. एवढंच होतं, अहो.